‘नाहीतर’च्या पुढचं

नांदेड,
१२ जानेवारी २०२५

ती. पारूआत्यास,
सप्रेम जयभीम.

आत्या, मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. हरिओम तुला जे इंग्रजी वाक्य बोलून गेला त्याचा अर्थ मी ‘जुळवून घेतलं की निभतं’ असा कळवला होता. तो अर्थ बरोबर नाही. ‘ॲडॅप्ट ऑर पेरिश’ याचा खरा अर्थ ‘बदला, नाहीतर संपा’ असा आहे.

चूक म्हणते आहे, पण मला अर्थ माहीत नव्हता असं नाही. तू कानावर पडलं तसं लिहिलं होतंस, तरी मी पाहताच ओळखलं. पण त्याच आठवड्यात बाबांकडून कळलं होतं की तुझं बीपी वाढलंय आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. पत्रात तू लिहिलं होतंस, ‘येळअमावस्येला समदी पोरं शेतावर गेली, मेस रिकामी. हरिओम दारात उभा राहिला, सगळा हॉल बघितला अन् इंग्रजीत बोलून निघून गेला. पोरांना अर्थ विचारायची लाज वाटती, तू सांग.’ तू एकटी त्या रिकाम्या हॉलमध्ये बसून माझं उत्तर वाचशील, असं डोळ्यांसमोर आलं आणि मी अर्थ मऊ करून लिहिला.

तेव्हापासून मला चैन नाही. वर्गात मुलांनी एखाद्या शब्दाचा अर्थ चुकवला की मी लाल पेनाने खूण करते. आणि घरात जिला मीच वाचायला शिकवलं, तिला चुकीचा अर्थ दिला. तू शिकलीस ते तुझ्या मेसमधल्या ताटांवरची नावं वाचून. रविकांत हे तू वाचलेलं पहिलं नाव. त्याआधी तू कुणाचं ताट कुठलं ते त्याला पडलेल्या पोच्यांवरून ओळखायचीस. तू मला तेव्हा म्हणाली होतीस, ‘लुंबे, लिवलेलं खोटं नसतं ना?’ मी म्हणाले होते, नसतं. ते आठवून जास्त वाईट वाटतं.

आता मला दोन गोष्टी कळव. एक, हरिओम नुसतं बोलून गेला की त्यात काही अट होती? ग्यानोबाअण्णा इतकी वर्षं त्या इमारतीचे मालक आहेत, ते कधी असं बोलले नाहीत. हरिओम पुण्याहून शिकून आला आणि वडिलांचा कारभार बघायला लागला, तेव्हापासून मला धास्ती आहे. दुसरी गोष्ट, ते वाक्य तू कुणाला म्हणाली तर नाहीस ना? माझा अर्थ धरून कुणाला चांगल्या मनाने म्हणाली असशील तर समोरच्याला ते धमकीसारखं लागेल.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण आपलं ठरलेलं आहे, फोन फक्त अडचणीला, बाकी सगळं पत्रात, म्हणजे तुझं अक्षर घट्ट होईल. खरं सांगायचं तर फोनवर मला धीरही झाला नसता.

इकडे सगळं ठीक आहे. बारावीचे तास चालू आहेत. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
लुंबिनी


लातूर,
२० जानेवारी

लुंबिनीस पारूआत्याचा जयभीम.

पत्र मिळालं. वाचाया दोन बैठका लागल्या, तेवढ्यात वरण उतू गेलं. बसम्मा म्हणली, “अव्वा, भाचीचं पत्र वाचायचं तर आधी गॅस बारीक करावं.” ती उदगीरकडची, भाकरी थापता थापता बोलती, पर नेम चुकत न्हाई तिचा.

आता सांगते ते शांतीनं वाच. ते वाक्य मी समद्यांना म्हणून राहिले.

पहिल्यांदा बजरंगला म्हणले. तो भाजी आणतो ना, मेथी सुकलेली आणली. म्हणलं, “ॲडॅप्ट ऑर पेरिश, बजरंग.” तो घाबरला अन् म्हणला, “हाव मावशी, उद्या ताजी आणतो.” दुसऱ्या दिवशी अशी मेथी आणली की बघत राहावं. मला वाटलं, किती गुणाचं वाक्य हाय.

मग पोरांना म्हणले. तर पोरं इतकी हसली की एकाला ठसका लागला. मला वाटलं माझ्या बोलीला हसून राहिलेत. आता कळलं, ते डॉक्टरकीच्या पुस्तकातलंच हाय म्हणं, प्राण्यांचं. मेल्यांनी एकानं सांगितलं न्हाई. उलट फळ्यावर लिहून टाकलं. वर ‘ॲडॅप्ट ऑर पेरिश’, खाली ‘आज वांगं-बटाटा’. उशिरा येणाऱ्याला वांगं मिळालं न्हाई की म्हणतो, “मावशी, आज मी पेरिश.” मी म्हणते, “बस, चटणी हाय, ठेचा हाय, कामून पेरिश होतो?”

आता हरिओमचं. तो परत आला, म्हणला, “मावशी, विचार केला का?” मी हसून म्हणलं, “ॲडॅप्ट ऑर पेरिश, हरिओम.” त्याचं तोंड असं झालं की काय सांगू. “मला म्हणून राहिल्या का?” म्हणं. मी म्हणलं, “मग कुणाला? तूच शिकवलं.” ग्यानोबाअण्णा बाहेर खुर्चीवर बसले होते, ते हसू हसू खोकले. म्हणले, “मला रोज म्हणतो गुडघ्यावरून, जिना चढा न्हाईतर गुडघा जाईल. आज बरं मिळालं त्याला.”

पर तू अट विचारली. अट हाय. मी तुला लिहिली नव्हती. तू माझ्या बीपीकडं बघितलं, मी तुझ्या जिवाकडं बघितलं, तुझा जीव केवढा हाय मला ठाव हाय. दुपारी तीन ते सहा हॉल रिकामा पडतो ते त्याला बघवत न्हाई. म्हणतो, “ट्यूशन एरियात एवढी जागा अन् तीन घंटे पंखे नुसते फिरतात. दुपारचं काही तरी चालू करा. न्हाईतर फेब्रुवारीअखेर हॉल कॅफेवाल्याला देतो.” वाईट पोरगा न्हाई तो. पर त्याला रिकामी जागा दिसली की खाज सुटती. कॅफेवाला आला की मेस गेली, बसम्मा गेली, अन् माझी भिंतीवरची ताटं गेली.

हे समदं मी हसण्यावारी लिहिते. पुढचं तसं लिहिता येत न्हाई.

तनुजा तुला माहीत हाय, देगलूरकडची, अकरावीची, गाजर सोडून समदं खाणारी. परवा पेटी बांधली अन् निघाली. मी दारात गेले. ती म्हणली, “मावशी, मला जमंना.” मी तिचं ताट धुऊन पुसून हातात धरलं होतं. आपली रीत तुला ठाव हाय, शिक्षण पुरं करून जाणाऱ्यानं नावाचं ताट घरी न्यायचं, मधूनच सोडणाऱ्याचं ताट भिंतीला राहतं. ती मधूनच चालली होती, पर मला वाटलं देऊन टाकावं, लेकरू हिरमुसलंय. अन् देता देता मी तिला तेच म्हणलं गं. ॲडॅप्ट ऑर पेरिश, बाई. तुझा अर्थ मनात धरून म्हणलं, जुळवून घेतलं की निभतं. तिचं तोंड पांढरं झालं. रडली. ताट न घेता गेली.

तुझं पत्र त्याच्यानंतर आलं.

ताट खिळ्याला लावलं न्हाई अजून. ओट्यावर हाय.

तुझी पारूआत्या


नांदेड,
२५ जानेवारी

ती. पारूआत्यास,
सप्रेम जयभीम.

पत्र आलं आणि मी कॉलेजच्या पायरीवर बसूनच वाचलं. घंटा झाली तरी उठले नाही, शिपाई येऊन बोलावून गेला.

आत्या, यात तुझा काही दोष नाही. तू जे दिलंस ते चांगलं समजून दिलंस. ते चांगलं आहे असं तुला मी सांगितलं होतं. एका मुलीने शिक्षण सोडलं आणि निघताना दारात तिच्या कानावर जे पडलं ते माझ्यामुळे पडलं. मी स्वतः किती वेळा शिक्षण सोडायच्या कडेवर आले होते ते तुला माहीत आहे. आपल्या घरात कुणी वही धरलेली नव्हती, काय विचारायचं आणि कुणाला, तेच कळायचं नाही. तेव्हा जर कुणी मला ‘बदल, नाहीतर संप’ म्हणालं असतं, तर मी आज बाबांच्या हाताखाली विटा देत असते. त्यात वाईट काही नाही, पण बाबांनी त्यासाठी मला शिकवलं नव्हतं.

मला तनुजाच्या गावाचा पत्ता पाठव. मी तिला पत्र लिहून ठेवलं आहे. ते कितीदा लिहिलं आणि फाडलं ते विचारू नकोस. पहिल्यात मी इतकी माफी मागितली होती की वाचून तिला वाटलं असतं आपलं खरंच काहीतरी भयंकर झालंय. आता चार ओळी आहेत. पाठवू की नको, हेही तूच सांग. पत्र वाचून ती पुन्हा दुखावली तर, असंही वाटतं.

हरिओमच्या अटीचा मी विचार करते आहे. दुपारी डब्यांचं काम घेता येईल का? पण त्यासाठी तुला दुपारची झोप सोडावी लागेल आणि डॉक्टरांनी ती सोडू नको म्हटलंय. पापड-शेवयांचं करता येईल, पण त्याला ऊन लागतं आणि हॉलमध्ये ऊन नाही. शिवणकाम म्हणावं तर मशीन कुठून आणायची. प्रत्येक गोष्टीत मला आधी अडचणच दिसते, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण तू काहीही कबूल करण्याआधी मला कळव. फेब्रुवारीत मला सवड आहे, हवं तर मी येऊन हरिओमशी बोलते.

आणि फळ्यावरचं ते वाक्य कृपा करून पूस.

तुझी,
लुंबिनी


नांदेड,
४ फेब्रुवारी

ती. पारूआत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. एरवी आठवड्यात येतं. काल मी नियम मोडून फोन केला. बसम्मामावशीने उचलला. मी विचारलं, आत्या कुठे आहे? त्या म्हणाल्या, “अव्वा न्हाई. देगलूरला गेली. ताट घेऊन गेली.” मी म्हणाले, बरी आहे ना, गोळ्या नेल्या का? त्या म्हणाल्या, “गोळ्या नेल्या, भाकरी नेल्या, मला डोकं खायला ठेवून गेली. तुला काय पाहिजे सांग, माझा तवा तापलाय.” आणि फोन बंद.

म्हणजे तू दोन गाड्या बदलून एकटी गेलीस. माझ्या चार ओळी पाठवायच्या की नाहीत यावर मी इतके दिवस घालवले, आणि तू उठून गेलीस.

ती माणसं तुला काय बोलली असतील, तिच्या वडिलांनी उंबऱ्यात तरी घेतलं का, हे सारखं मनात येतं. आल्याबरोबर दोन ओळी लिही. लांब पत्र नंतर लिहिलंस तरी चालेल.

लुंबिनी


लातूर,
१० फेब्रुवारी

लुंबिनीस पारूआत्याचा जयभीम.

दोन ओळीत मावंना, म्हणून उशीर.

ताट टॉवेलात बांधलं, त्यात भाकरी अन् शेंगाची चटणी. उदगीरच्या गाडीत कंडक्टर म्हणला, “मावशी, ताट कुणाचं? जेवता जेवता कोण पळून गेलं का?” म्हणलं, “हाव, तसंच झालं.” त्या बिचाऱ्यानं मला खिडकीची जागा दिली.

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या अंगाला तिचं गाव हाय. बाप शिवमूर्ती, पिठाची गिरणी चालवतो. नखशिखांत पांढरा. मराठीत सुरू करतो अन् तेलुगूत संपवतो, मधलं आपण समजून घ्यायचं. त्याला वाटत होतं पोरीला सुट्टी हाय. तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मी पण सांगितलं न्हाई. म्हणलं, “पोरगी ताट विसरली, द्यायला आले.”

तो म्हणला, “एका ताटासाठी लातूरहून आलात अम्मा?”

म्हणलं, “आमच्याकडं तशी रीत हाय.”

त्यानं गिरणी बंद केली अन् चहा ठेवायला स्वतः गेला. उंबऱ्याचं विचारलंस, तर मला खुर्ची दिली अन् तो पोत्यावर बसला.

तनुजा मागं गोठ्यापाशी. मला बघितलं अन् गपकन उठली. मी आधी तुझी दुरुस्ती सांगितली. म्हणलं, माझ्या भाचीनं मला मऊ अर्थ सांगितला होता, मी तो मनात धरून म्हणले, खरा अर्थ मला ठाव नव्हता, तुला लागलं असंल तर मला बोल. तर ती हसाया लागली. रडून रडून हसली. म्हणली, “मावशी, ते वाक्य तर आमचे एक सर रोज माईकवर म्हणायचे. तुमचं मला लागलं न्हाई. तुम्ही म्हणलात तवा तुमच्या हातात माझं ताट होतं, धुतलेलं. रडू त्याचं आलं.”

बघ. तू अन् मी तिकडं झुरून राहिलो अन् लेकराचं दुखणं निराळंच.

मी विचारलं, मग जमंना म्हंजी काय जमंना? ती म्हणली, “दहावीपतुर समदं मराठीत झालं. इथं पुस्तक इंग्रजी, शिकवणं इंग्रजी. एक पान वाचाया सांज होती. मला उत्तर येतं मावशी, प्रश्न काय विचारलाय ते कळत न्हाई.” म्हणलं, कुणाला विचारायचं ना. म्हणली, “कुणाला? समदे पळून राहिलेत.”

अगं, तू पण एकदा मला हेच म्हणली होती. कंधारहून नांदेडला गेली त्या वर्षी. तवा मला लिहिता येत न्हवतं, तू फोनवर रडली अन् मी नुसतं ‘हूं हूं’ केलं.

जेवताना तिनं आपलंआपण बापाला समदं सांगितलं. मी ताटात बघत राहिले. शिवमूर्तीनं तिच्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणला, “माझ्या गिरणीत दगड बदलला की चार दिस पीठ जाडंच पडतं. मी काय गिरणी बंद करतो का?” तेवढंच पूर्ण मराठीत बोलला. दुसऱ्या दिवशी तनुजा माझ्यासंगं गाडीत होती, अन् ताट तिच्या मांडीवर.

लातूरला आले अन् दुपारी जेवणाच्या वक्ताला उभी राहिले. म्हणलं, इंग्रजीचं पान कुणाला जड जातं, हात वर करा. एकानं केला न्हाई. शहाणे समदे. मग हात धुवायच्या नळापाशी एकेक येऊन राहिलं, हळूच. “मावशी, मला जातं.” “मावशी, कुणाला सांगू नका.” जो सगळ्यात जास्ती हसला होता, ठसका लागलेला, तो पण आला. बसम्मा म्हणली, “अव्वा, निम्मी मेस नळावर आली, पाणी संपंल.”

मग मला दुपारचा हॉल दिसला. मी हरिओमला बोलावलं. म्हणलं, “तीन ते सहा इथं वर्ग चालंल. इंग्रजीचं पान मराठीत समजून घ्यायचा.”

तो म्हणला, “मॅडम कोण?”

“माझी भाची.”

“येणार का ती?”

म्हणलं, “तुझंच वाक्य पाठवून राहिले तिला.”

तो हसला, पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणला, “कॅफेवाल्याला थांबवतो मावशी. पर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला हॉलमधी पोरं दिसली पाहिजेत. रिकाम्या खुर्च्या दाखवू नका.” अण्णा म्हणले, “मी बसतो ना एका खुर्चीवर.”

आता तुझं. फेब्रुवारीत सवड हाय म्हणतेस. पोरांना विचारलं, कॉलेजातल्या बाईला फेब्रुवारीत सवड कशी? पोरं म्हणली, तासावर शिकवणाऱ्यांचं बारावीचं झालं की काम संपतं, जूनला बोलावलं तर बोलावलं. बरोबर का? तुझा बाप निवृत्ती गावात सांगत फिरतो, माझी पोरगी कॉलेजात हाय. त्याला तू सांगितलं का? न्हाई. मला पण न्हाई. सवड म्हणलीस. तुझे मऊ शब्द मला आता ओळखू येतात.

फळ्यावरचं पुसलं. पोरांनी विचारलं कामून पुसलं. म्हणलं, ‘नाहीतर’ मी जन्मभर ऐकलं बाबांनो. गाव सोड नाहीतर, काम सोड नाहीतर, जागा सोड नाहीतर. बोलणारा त्याच्या पुढचं आपल्या मनानं भरतो. एकदा आपण भरून बघू.

भांडीवाल्याकडं एक नवं ताट दिलंय नाव टाकायला. कुणाचं ते सांगत न्हाई.

तुझी पारूआत्या


नांदेड,
१७ फेब्रुवारी

ती. पारूआत्यास,
सप्रेम जयभीम.

अजून एक दुरुस्ती. ‘सवड’ हा शब्द खरा नव्हता. माझे तास ३१ जानेवारीला संपले. बारा जानेवारीच्या पत्रात ‘तास चालू आहेत’ लिहिलं ते खरं होतं, पण ते संपत आलेत हे मला तेव्हाही माहीत होतं.

शनिवारी मी गावी गेले आणि बाबांना सांगितलं. ते ओसरीवर गिलाव्याची करणी घासत बसले होते. मी म्हणाले, “बाबा, माझं काम संपलं.”

“संपलं म्हंजी?”

“तास संपले. जूनमध्ये बोलावतील किंवा नाही.”

त्यांनी करणी उन्हात धरून पाहिली. म्हणाले, “मग आमचं तरी काय असतं बाई? एक घर झालं की दुसऱ्याचं. त्यात लपवायचं काय हाय? मला वाटलं तुला कुणी काही बोललं, पंधरा दिवस फोनवर तुझा आवाज बारीक येऊन राहिला.” मग म्हणाले, “पारूला सांग, येतो म्हणावं एकदा, फळ्याची भिंत नीट गिलावा करून देतो. तिथला गिलावा मला कधीच पटला न्हाई.” एवढंच. मी महिनाभर जे पोटात घेऊन फिरत होते ते करणी घासून होईपर्यंत संपलं.

आता वर्गाचं. मला भीती वाटते, ती लपवत नाही. आजवर मी दुसऱ्याने आखलेल्या वेळापत्रकावर शिकवलं. धडा ठरलेला, पान ठरलेलं. इथे काहीच ठरलेलं नाही. मला विज्ञान येत नाही. प्रश्नाचं इंग्रजी मी सोडवून देईन, पण उत्तर चुकलं तर मला कळणार नाही. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे. आणि कुठल्याही शब्दाचा अर्थ कितीही कडक असला तरी आहे तसाच सांगणार आहे. तनुजा म्हणते तसं, प्रश्न कळला की उत्तर त्यांना येतं. मग माझं काम तेवढंच, आणि तेवढं मला येतं. हे लिहून पाहिलं तर खरं वाटतं, म्हणून लिहिलं.

पहिल्या दिवशीचं पान तनुजाने निवडावं. जिथे ती अडली तेच. तिला लिहिलेल्या चार ओळी मी आता पाठवत नाही, समोर बसूनच बोलेन. आणि फळ्यावर तू पुसलेलं वाक्य मी पुन्हा लिहिणार आहे, अर्धंच. ‘ॲडॅप्ट ऑर’ एवढं लिहून पुढची जागा मोकळी ठेवीन. ती ज्याची त्याने भरायची. ठसका लागलेला मुलगा काय भरतो ते बघायची मला उत्सुकता आहे. अण्णांना मात्र खुर्ची भिंतीजवळ द्यावी, त्यांच्या गुडघ्याला टेकू हवा.

खोलीतल्या दोघी मैत्रिणींना मी सांगून टाकलं आहे. मी निघाले की माझी कॉट त्या दुसऱ्या मुलीला देणार आहेत, म्हणजे परतायचं म्हटलं तरी लगेच परतता येणार नाही. हे मी मुद्दाम केलं. मला माझा स्वभाव माहीत आहे. माझं सामान फार नाही, एक पेटी आणि पुस्तकं. मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांपाशी झोपेन, मला चालतं, लहानपणी सुट्टीत आले की तिथेच झोपायचे. बसम्मामावशींना सांग, भाकरी मला थापता येत नाही, पण नळावर गर्दी झाली तर आवरीन.

ताट कुणाचं आहे ते मी विचारत नाही.

हरिओमला दिवस नेमका सांगून ठेव, म्हणजे मलाही मागे फिरता येणार नाही. रविवारी, २ मार्चला लोहा-अहमदपूरवरून येणाऱ्या सकाळच्या गाडीने मी लातूरला पोहोचते. वर्ग सोमवारी, ३ मार्चला, दुपारी तीन वाजता.

तुझी,
लुंबिनी